हिम्मतराव मिस्त्रींची खंडेनवमी

हुसेनसागराचा बांध निम्मा ओलांडून झाला, तेव्हा हिम्मतराव मिस्त्री पहिल्यांदा मागे वळले.

"वैनी, दमलात का?"

"नाही दमले. तुम्ही चला."

सुशीलाच्या चपलेचा अंगठा कधीच तुटला होता. रुमालाने बांधून ती तशीच फरपटत चालली होती. सकाळी चिक्कडपल्लीहून निघून दोघं पायी सिकंदराबादेला गेली होती आणि आता पायीच परत येत होती. टांगा मिळालाच नाही. निम्म्या टांगेवाल्यांनी खंडेनवमी म्हणून घोडे धुऊन, माळा घालून दारात उभे केलेले, आणि उरलेले निम्मे महिनाभर भीतीने घराबाहेरच न पडलेले. निजामाच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली त्याला जेमतेम महिना होत होता. बांधावरून लष्करी ट्रक धूळ उडवीत गेला की हिम्मतराव कडेला थांबत, छातीशी धरलेलं गाठोडं दोन्ही हातांनी झाकत आणि ट्रक गेला की पुन्हा चालू लागत.

गाठोड्यात थाळीएवढी लोखंडी चकती होती. मिस्त्री तिला क्लचप्लेट म्हणत. इंजिनाचा जोर ह्या चकतीतून गिअरबॉक्सकडे आणि तिथून चाकांकडे जातो. सुशीलाच्या सासऱ्यांच्या जुन्या काळ्या मोटारीची ही चकती पार घासून गेली होती. चढ लागला की इंजिन नुसतं ओरडे, गाडी जागची हलत नसे. आणि नेमकी त्याच आठवड्यात ती गाडी कल्याणीपर्यंत जाऊन यायला हवी होती.

कल्याणीला सुशीलाचा नवरा तापाने पडला होता. मुकुंदराव वकील सत्याग्रहात धरले गेले, वर्षभर गुलबर्ग्याच्या तुरुंगात राहिले आणि सुटून घरी येता येता वाटेत कल्याणीला मित्राच्या घरी आडवे झाले. तिथे ना रेल्वे, ना धड दवाखाना. शहरात आणलं तर माणूस हाती लागेल, असा निरोप आला होता. घरचा ड्रायव्हर गडबडीच्या दिवसांत गावी निघून गेलेला, म्हणून गाडी नीट करून स्वतःच चालवत नेण्याचं हिम्मतरावांनी कबूल केलं होतं.

"मामंजींनी मला का धाडलंय बरोबर, ठाऊक आहे ना?" सुशीला चालता चालता म्हणाली.

"हौ, ठाऊक हाय की. शिकंदराबादेत ताडीचं दुकान लागतं वाटंत."

"ते म्हणाले, सणाचा दिवस आहे, मिस्त्री कुठे बसला तर बसलाच."

हिम्मतराव मोठ्याने हसले. "मालकाचं बी खोटं नाही. दोन वर्सांमागं बसलो व्हतो. आमच्या मालनने दुकानातून उठवून आणलं, तवापासून समद्या चिक्कडपल्लीला म्हाईत."

हा माणूस देगलुराकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. मोटारीच्या कामात कसा पडला ते त्याने तिला जाताना सांगितलं होतं. गावाबाहेरच्या ओढ्यात एकदा बस गाळात रुतली. पोरांनी ढकलून बाहेर काढली, बाकीची घरी गेली, हा मात्र बसमध्ये चढून बसला आणि थेट हैदराबादेत उतरला. घरी सांगायलाही गेला नाही. वडील शोधत शोधत आले तेव्हा पोरगा एका गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. वडिलांनी पायांवरून ओळखला. "पाय वळखले अन् तेच धरून वढलं की वो भाईर!" असं म्हणून हिम्मतराव तेव्हाही असेच हसले होते.

पुढे सिकंदराबादेत याकूबउस्तादांच्या हाताखाली तो तयार झाला. लढाईच्या काळात तिथे लष्करी ट्रक दुरुस्तीला येत. एका दुपारी जॅक घसरला आणि ट्रकखालचा माणूस ओरडलासुद्धा नाही. त्या दिवशी उस्तादांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "जॅक गाडी उठाने कू है मियां, उसके भरोसे नीचे लेटने कू नक्को." तेव्हापासून हिम्मतराव बाभळीचे ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जात नसत. ठोकळ्यांवरही भरवसा नको म्हणून स्टेपनीचं चाक आडवं करून कडेला सरकवून ठेवत. बाकीचे मिस्त्री त्यांना भित्रा म्हणत.

आजही तेच उस्ताद कामी आले. त्यांचं दुकान महिनाभर बंद. मागच्या दाराने हाक मारली तेव्हा कुठे कडी निघाली. दार लावून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोत्यावर ठेवून, त्यांनी चकतीवर नवं अस्तर रिव्हेटा ठोकून बसवलं. त्यांच्या बायकोने सुशीलापुढे चहा ठेवला. सुशीलाने नवमीचा उपास आहे म्हणून सांगितलं, आणि तो खरंच होता. ती माउली आत गेली आणि दोन केळी घेऊन आली. "ये तो चलता ना, बेटी?" ते चालत होतं. निघताना उस्ताद एवढंच म्हणाले, "फिर आना हिम्मत. आजकल कोई नै आता."

दोघं कवाडीगुड्याकडून चिक्कडपल्लीत शिरली. मिस्त्रींच्या घरापुढे, चिंचेखालच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडपाशी, सासरे नामदेवराव उभे होते. निजामाच्या महसूल खात्यात जन्म काढलेला करारी माणूस, पण आज टोपी हातात होती. शेजारी एक अनोळखी माणूस पाणी पीत होता.

"हा कल्याणीहून आलाय," नामदेवराव म्हणाले. "मुकुंद कालपासून माणसं ओळखत नाही."

सुशीलाने चिंचेच्या बुंध्याला हात टेकला.

"मिस्त्री, गाडी फौरन जोडा. चार वाजेपर्यंत निघायचं."

हिम्मतरावांनी शेडमध्ये पाहिलं. चौरंगावर त्यांची सगळी हत्यारं मांडलेली होती. पाने, हातोड्या, पेचकस, जॅक आणि खाली बाभळीचे ठोकळे. सगळ्यांना तिळाचं तेल चोळून हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं. आदल्या दिवशी गिअरबॉक्स उतरवून झाल्यावर त्यांनी मुद्दाम गाडी पुन्हा चाकांवर ठेवली होती. ठोकळ्यांनाही पूजेला बसता यावं म्हणून. वर्षभर आपला जीव त्यांच्यावर असतो, असं ते म्हणत.

"मालक, आज हत्याराला हात लावत न्हाईत. उद्या दसऱ्याची पूजा झाली की दिवस उजाडायला..."

"हत्यार मोठं का माझा मुलगा?"

हिम्मतरावांनी चौरंगावरून घसरलेलं झेंडूचं फूल पुन्हा जागेवर ठेवलं. त्याच सकाळी सुशीलाने स्वतः घरातली पुस्तकं देवापुढे मांडली होती आणि उद्यापर्यंत एक पान उलटणार नव्हती. ज्याची पूजा केली ते त्या दिवशी विसावतं, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. आणि तिकडे माणूस माणसं ओळखत नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "उचला असं मी म्हणणार नाही. पण ह्यांना..."

हिम्मतरावांची बायको मालनबाई घरातून हे सगळं ऐकत होती. ती पुढे आली, मूठभर अक्षता हत्यारांवर टाकल्या, चौरंग धरून जागचा हलवला आणि हात जोडून म्हणाली, "आई, मानूस अडलंय. आजचा आराम उद्या घे." मग नवऱ्याकडे वळली. "झाली उत्तरपूजा. आता काय माझ्या तोंडाकडं बघायलाव?"

दर वर्षी उत्तरपूजेनंतर हिम्मतराव तासभर बसून एकेक हत्यार राखेने घासत, घासलेटच्या चिंधीने पुसत आणि मगच कामाला लागत. त्या दिवशी ते राहिलं. फुलं बाजूला पडली, हत्यारं उचलली गेली.

हाताखालचा दत्तोबा सणाला गावी गेलेला, त्यामुळे होते तेवढ्याच माणसांनी काम वाटून घेतलं. हिम्मतरावांनी बॅटरीची तार सोडवली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. जॅकने पुढची बाजू उचलून दोन्हीकडे ठोकळे रचले आणि सवयीने स्टेपनी आडवी सरकवली. मग खाली जाऊन नवी चकती इंजिनाला लावली. ती बरोबर मध्यभागी बसायला हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे तासलेला एक लाकडी दांडका होता.

"ते माझं लाटणं व्हतं," मालनबाईने सुशीलाला सांगितलं. "माहेरचं. एक दिवस बघते तर तासून ठेवलेलं."

"मग पोळ्या कशा करता?"

"बाटलीनं. लग्न मोटारीशी झालंय त्यांचं, मी आपली सवत."

गाडीखालून आवाज आला, "सवत, तेरा नंबरचा पाना दे."

नामदेवरावसुद्धा हसले. त्या दुपारी तेवढंच.

पुढचं काम जड होतं. गिअरबॉक्स म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढं लोखंड. बाकीचे मिस्त्री ते छातीवर घेऊन वर ढकलत. हिम्मतरावांची रीत वेगळी होती. पुढची सीट आणि पायाखालच्या फळ्या काढून टाकायच्या, दोन्ही दारांच्या उंबऱ्यांवर आडवा बांबू टाकायचा, बांबूवरून दोर खाली सोडून त्याला गिअरबॉक्स टांगायचा. वरच्या माणसाने दोर हळूहळू ओढायचा किंवा सोडायचा, खालच्याने फक्त दिशा द्यायची. दोर सुशीलाने धरायचा ठरलं. ती मागच्या सीटच्या काठावर बसली, दोराचे दोन वेढे बांबूला घातले आणि टोक मुठीत आवळलं.

"एक बोट वर... अजून... बास." खालून आवाज यायचा आणि फळ्या काढलेल्या जागेतून तिला मिस्त्रींचा अर्धा चेहरा दिसायचा. "आता म्या पुढं लोटतो. तुमी नुस्तं धरा."

त्यांनी गिअरबॉक्स पुढे लोटला. दांडा चकतीच्या तोंडाशी लागला, आत जाईना. त्यांनी पाय रोवून जोर दिला. गाडी किंचित हलली.

आणि उजवीकडचा वरचा ठोकळा साबणाच्या वडीसारखा सटकला.

सुशीलाला आधी नुसता आवाज आला. मग सगळी गाडी उजवीकडे झुकली आणि धाडकन कशावर तरी टेकून थांबली. बांबू तिरका झाला, गिअरबॉक्स झोल खाऊन पुढे गेला, दोराने तिच्या तळव्यांची सालं काढली. खालून "आई गं" एवढंच आलं. मग काही नाही.

"अहो!" मालनबाई किंचाळली.

नामदेवराव मडगार्ड दोन्ही हातांनी धरून उचलायला गेले.

"गाडीला हात नक्को!" खालून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "कुनी गाडीला शिवू नका. स्टेपनीवर बसलीया ती. वैनी, दोर हाय का हातात?"

"आहे."

"सोडू नका. वढू बी नका. माझा डावा हात गिअरबॉक्स अन् इंजिनाच्या मधी हाय."

तिच्या मुठीतून काहीतरी ओलं झिरपत होतं. दत्ताचं नाव मनात घ्यावं तर तेही पुरं होईना. पहिल्या अक्षराशी सुरू करून ती पुन्हा पहिल्याच अक्षराशी येत होती. आपण दोर सोडला तर हा माणूस गेला, आणि गाडी इथेच राहिली तर तिकडे कल्याणीला ते गेले. दोन्ही गोष्टी एकाच दोराला टांगलेल्या होत्या.

मालनबाईने पडलेला ठोकळा उचलला, बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "तेल! अवो, सकाळचं तेल तसंच हाय ह्याला."

"म्याच लावलंय ते. चुलीतली राख आण. ठोकळ्यांना चोळ, जॅकच्या डोक्याला बी चोळ."

राख आली. नामदेवरावांनी गुडघे टेकले आणि जॅकचा दांडा हातात घेतला. ज्यांच्या दारात तलाठी उन्हात ताटकळत, ते म्हातारे गृहस्थ मातीत बसून एका मिस्त्रीचा हुकूम ऐकू लागले.

"एक फेरा, मालक. थांबा. जॅक सरळ हाय का बघा."

"आहे."

"अजून एक. थांबा. मालन, ठोकळा घाल. पुरा आत. हलवून बघ."

"नाही हलत."

"पुन्ना बघ."

गाडी बोटाबोटाने वर आली. शेवटी खालून आवाज आला, "वैनी, आता दोर माझ्या पायाकडं वढा. वर न्हाई, मागं. हळू."

तिने ओढला. लोखंड मागे आलं. खालून एक लांब श्वास ऐकू आला, मग माती खरवडल्याचा आवाज, आणि हिम्मतराव पाठीवर सरपटत बाहेर आले. डाव्या हाताची तीन बोटं काळीनिळी होऊन चेचलेली होती. त्यांनी हाताकडे बघितलंच नाही. आधी दोन्ही बाजूंचे ठोकळे बघितले.

"सोडून द्या ते, मिस्त्री," नामदेवराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता. "आधी दवाखान्यात चला."

"दवाखाना उघडा असंल तर बसवून झाल्यावर बी असंल. अर्धवट टांगून ठेवलं तर नवी प्लेट वाकती, मालक. मग उस्तादाला पुन्ना दार उघडायला लावायचं." ते मालनबाईकडे वळले. "हळद बांध. अन् तवर ही समदी हत्यारं राखेनं घासा. एक बी सोडू नका."

आणि जी घाई दुपारपासून सगळ्यांच्या मानेवर बसली होती तिला शेडबाहेर उभं करून ती चार माणसं हत्यारं घासत बसली. कल्याणीहून आलेला माणूसही पाने पुसू लागला. नामदेवरावांनी घड्याळ काढलं, पाहिलं, आणि परत खिशात टाकलं. सुशीलाने दोर बांबूला बांधला, तळव्यांना चिंधी गुंडाळली आणि जॅकवर एकेक बाजू पेलून काढलेला एकेक ठोकळा लाकूड कोरडं लागेपर्यंत घासला. देवाचं तेल आपण पुसतोय, हे तिच्या मनात आलं खरं, पण त्याचं भय काही वाटलं नाही. वर्षभर ज्याच्यावर माणसाचा जीव टाकायचा, ते कोरडं ठेवणं हीसुद्धा त्याची पूजाच असेल, असं तिला वाटलं.

हिम्मतराव पुन्हा खाली गेले, एका हाताने. ह्या वेळी कोणी गाडीला टेकलं नाही. "वर... अजून केसभर... धरा." ते गिअरबॉक्सचं मागचं तोंड हळूच फिरवीत दांड्याचे दात चकतीच्या खाचांशी जुळवत राहिले. बराच वेळ नुसतं लोखंडाला लोखंड घासल्याचं ऐकू येत होतं. मग खट् असा भरीव आवाज झाला आणि सुशीलाच्या हातातला दोर एकदम हलका झाला.

"बसला," हिम्मतराव म्हणाले.

बोल्ट त्यांनी समोरासमोरचे जोडीने आवळले, एका बाजूचे आधी कधीच नाहीत. उतरवताना मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर चुन्याच्या खुणा केल्या होत्या, त्या जुळवून दांडा जोडला. गिअरबॉक्समध्ये तेल भरलं. फळ्या, सीट, गिअरचा दांडा जागेवर गेले. गाडी चाकांवर उतरली, तार जोडली. मालनबाईने चाकांपुढे लिंबू ठेवलं.

हिम्मतराव स्टिअरिंगमागे बसले. इंजिन सुरू झालं. त्यांनी क्लच दाबला आणि डावा हात गिअरच्या दांड्याकडे नेला. हळदीच्या चिंधीतली बोटं मिटेनात. तळव्याने ढकलून पाहिलं, तर घाम फुटला आणि ओठ पांढरे पडले. उजवा हात तिरका घालून पाहिला, तर स्टिअरिंग सुटलं.

"मालक, तुमी इकडून बसा. म्या म्हणलं की दांडा पुढं."

नामदेवराव डावीकडे बसले. आयुष्यात त्यांनी मोटार मागच्या सीटवरूनच पाहिली होती. हिम्मतरावांनी क्लच दाबण्याआधीच त्यांनी दांडा हिसकला. आतून दात करकरले.

"नक्को, नक्को! सोडा!" हिम्मतरावांनी इंजिन बंद केलं. "अजून दोन बारी असं झालं तर दात मोडत्याल. मग कल्याणी ऱ्हायली, शेजारचा नारायणगुडा बी येत नाही."

नामदेवराव उतरले. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं. कल्याणीचा माणूस रस्त्याकडे बघत होता.

हिम्मतरावांनी आरशातून नव्हे, दारातून वाकून सुशीलाकडे पाहिलं. तिच्या घरच्या बायका मोटारीत मागे बसत, पडदा ओढून. पुढे परपुरुषाशेजारी बसलेली तिच्या घराण्यातली कोणी बाई चिक्कडपल्लीने पाहिली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि शेजारी उभ्या नामदेवरावांनाही. म्हणून ते आधी मालकांना म्हणाले, "मालक, रागवू नका." मग तिला म्हणाले,

"वैनी, दिवसभर बघायलोय, तुमी म्या सांगितल्याशिवाय दोर केसभर बी हलवला न्हाई. स्टिअरिंग म्या धरतो, क्लच म्या दाबतो. तुमी माझ्या डाव्या अंगाला बसा, दांड्यावर हात ठिवा, अन् म्या 'टाका' म्हणलं की गिअर टाका. कल्याणीपस्तोर, अन् वकिलसाहेबाला घेऊन परत. एवढं कराल का माझ्यासाठी?"